अक्काचे घरजावई

"हात मांगे!"

अक्काच्या गोठ्यात पाऊल टाकलं की आधी हे ऐकू यायचं. ये, बस, पाणी घे वगैरे माणुसकीच्या गोष्टी नंतर. सरपंच असो, बँकेचा साहेब असो की तिचा स्वतःचा मुलगा असो, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं आणि मगच तोंड उघडायचं. नवख्या माणसाला वाटायचं, बाई कुठल्या शाळेत हेडमास्तरीण होती की काय. बाई शाळेत फक्त मतदानाला गेली होती.

या सगळ्या शिस्तीचं कारण म्हणजे दोन कुत्री. पण कुत्र्यांच्या आधी अक्काबद्दल सांगतो, नाहीतर तुम्ही सगळा दोष कुत्र्यांना द्याल.

माझं ढेपेचं दुकान आहे. भडगावहून गिरणा ओलांडून आमच्या गावाकडे वळलात की पहिलंच. सरकीची ढेप, मक्याचा भरडा, चुनी, सगळं मिळतं. अक्का बाजाराच्या दिवशी यायची, उघड्या पोत्यात हात घालायची, चिमूटभर ढेप नाकाशी न्यायची आणि दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं बघून मोठ्याने विचारायची, "भाऊ, हाई ढेप शे का गिरणानी माटी?" मग तेच पोतं घेऊन जायची. इतक्या वर्षांत तिने माझ्या मालाला एकदाही चांगलं म्हटलं नाही आणि दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नाही. अशा गिऱ्हाइकाला ठेवावं की हाकलावं, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

तिचा दुसरा गुण म्हणजे एकदा सोडलं की सोडलं. मुलाच्या दहावीच्या वेळी तिने साखर सोडली, पोरगा पास होऊ दे म्हणून. पोरगा पास झाला. पुढे इंजिनिअर झाला, जळगावला मेहरूणमध्ये फ्लॅट घेतला, त्याला टक्कल पडायला लागलं, तरी अक्काचा चहा फिकाच. मी एकदा म्हटलं, "अक्का, नवस केव्हाच फिटला, आता तरी घे चमचाभर." तर मलाच कायदा शिकवला. "साखर सोडसू आसं देवले सांगं व्हतं. परत कव्हय लेवानी, हाई काही ठरनं नव्हतं."

देवही बिचारा काय करणार? त्यालाही आठवण राहिली नसेल.

तर बकऱ्या. नवरा लवकर गेला, शेत म्हणजे नुसतं बरड, म्हणून अक्काने बकऱ्या पाळल्या आणि त्याच बकऱ्यांच्या जिवावर मुलगा शिकवला. गावामागच्या माळावर लांडगे पूर्वीपासून होते. अधूनमधून एखादं करडू न्यायचे आणि अक्का त्यांना दिवसभर शिव्या द्यायची. पण एका वर्षी त्यांनी अक्काचा कळप आपल्याच मालकीचा आहे असं ठरवून टाकलं. आज एक, चार दिवसांनी दुसरी. वनखात्याचा माणूस आला, फोटो काढून गेला. लांडग्यांना बहुतेक फोटो पोचला नसावा, ते पुन्हा आले.

मग मुलगा गाडी घेऊन आला. तो वाईट नाही हो, उगाच तसं समजू नका. आईची काळजी करतो, आणि काळजी करणाऱ्या मुलासमोर आईचं काही चालत नाही. म्हणाला, "आई, बकऱ्या विकून टाक आणि मेहरूणला चल. तलाव आहे, फिरायला बाग आहे, लिफ्ट आहे."

"लिफ्टमा बकऱ्या मावतीन का?" अक्काने विचारलं.

बरीच वादावादी झाली आणि शेवटी करार ठरला. पुढच्या आखाजीपर्यंत लांडग्याने एकही बकरी नेली नाही, तर मुलगा पुन्हा मेहरूणचं नाव काढणार नाही. एक जरी नेली, तर कळप बाजारात आणि अक्का गाडीत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. अक्काने त्याच सणाला आपल्या नशिबाचा निकाल लावून घेतला. फ्लॅटच्या चार भिंतींत ही बाई झुरून जाईल, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मुलाला मात्र खरोखरच वाटत होतं की ती बागेत फिरेल.

उपाय सापडला तो साक्रीकडच्या मेंढपाळ आबांकडे. दरवर्षी पिकं निघाली की आबा मेंढरं घेऊन आमच्याकडे उतरतात, खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातली दोन त्यांनी अक्काला दिली आणि कसं वाढवायचं तेही सांगितलं. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, मी गिऱ्हाइकात होतो. अक्काने मला जे सांगितलं ते असं: पिल्लांनी बकऱ्यांतच राहायचं, बकरीचंच दूध प्यायचं, बकऱ्यांच्या अंगाला अंग लावून झोपायचं. माणसाने हात लावायचा नाही. माणसाचा लळा लागला की कुत्रा दारात बसतो, आणि मग बकऱ्यांकडे कोण बघणार?

झालं! देवाशी झाला होता तसाच हाही करार झाला.

अक्काने गोठ्याच्या एका कोपऱ्यात तुरकाट्यांचा कूड घालून पिल्लांना त्यात ठेवलं. कुडाच्या फटीतून बकऱ्या त्यांना हुंगायच्या, ती बकऱ्यांना हुंगायची. गावाने लगेच नावं सुचवायला सुरुवात केली. शेरू, टायगर, मोती. गावात कुत्र्यांचे इतके जाणकार राहतात हे मला तोवर माहीत नव्हतं. अक्काने सगळी नावं फेटाळली. "ह्या दोन्ही बकऱ्यासना घरजावई शेत. जावईनं नाव लिसन कोन्ही हाक मारस का?" त्यामुळे एक थोरला जावई आणि दुसरा धाकला जावई, एवढ्यावर बारसं उरकलं.

घरजावई म्हटल्यावर सासूही हवी. ती होतीच. काळी, पोक्त, एक शिंग मोडलेली बकरी, कळपाची मुखत्यार. कूड काढला त्या दिवशी थोरला जावई शेपूट हलवत थेट तिच्यासमोर गेला. सासूने त्याला नीट पाहून घेतलं, दोन पावलं मागे सरली आणि अशी धडक दिली की जावई पाण्याच्या हौदात. अक्का पदर तोंडाला लावून हसली. "व्हयनं स्वागत," म्हणाली.

मग लोक बिस्किटं घेऊन यायला लागले. पिल्लं गुबगुबीत, पांढरीकरडी, कान पडलेले. कोणाचाही हात पुढे जाईल अशीच. मोबाइल काढायचे, खाली वाकायचे, आणि मागून तोफ सुटायची. "हात मांगे!" एकाने तिला समजवायचा प्रयत्न केला, की अक्का, मुकं जनावर प्रेमाचं भुकेलं असतं. अक्का म्हणाली, "मंग घर जाय. तुनी बायकोबी भुकेली व्हई." तो गृहस्थ अजून माझ्या दुकानावरून मान खाली घालून जातो.

दुसऱ्यांना सोडा, तिने स्वतःलाही सोडलं नाही. दुधात कुस्करलेल्या भाकरीची थाळी बकऱ्यांच्या मधोमध ठेवायची आणि मागे सरायची. पिल्लं धावत यायची, तिच्या पायाशी लोळायची, लुगड्याचा काठ दातात धरून ओढायची. ती हात पदरात गुंडाळून आढ्याकडे बघत उभी राहायची. पदराच्या आत बोटं वळवळत असायची. मी एकदा म्हटलं, "अक्का, तुला लावावासा वाटतो ना हात?" तर म्हणाली, "तुनी ढेप इक जाय."

एकदा थोरल्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला. मला निरोप आला, चिमटा घेऊन ये. गेलो. म्हटलं, तू धर, मी काढतो. ती म्हणाली, "तूच धर, तूच काढ. तू परका शे, तुना हात चालस." मी धरलं, मी काढलं आणि पिल्लाने माझा अंगठा फोडला. अक्का पाठ फिरवून उभी होती. माझी बोंब ऐकून म्हणाली, "त्याना दात तं नही ना हालना?"

पिल्लं वाढली आणि खरी परीक्षा तेव्हा आली. वयात आलेल्या पोरांना जसं सुचतं तसंच थोरल्याला सुचलं. तो करडांमागे धावायला लागला. त्याला खेळायचं होतं, करडांना ते ठाऊक नव्हतं. एके दिवशी एका करडाचा कान फाटला आणि गोठ्यात रक्त सांडलं. गावाने निकाल दिला, रक्ताची चटक लागली, आता हा थांबत नाही. मुलाचा जळगावहून फोन आला, "आई, लांडगा परवडला, तो निदान बाहेरून तरी येतो."

त्या आठवड्यात अक्का दुकानात आली आणि तिने ढेप नाकाशी नेलीच नाही. पोतं बांध म्हणाली, बस्स. मी हादरलो. मालाला माती म्हटलं नाही म्हणजे बाईला काहीतरी झालंय. पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, हाऊ बिघडना तं मी गयी मेहरूणले."

तिचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मी उगाच पोती इकडची तिकडे केली.

मग थोरल्याच्या गळ्यात लोढणं आलं. लोढणं म्हणजे गळ्यात दोरीने बांधलेला लाकडी ओंडका. चालताना त्रास देत नाही, पण पळायला गेलं की पुढच्या गुडघ्यांवर आपटतो. बांधलं अर्थातच मी, परका हात म्हणून, आणि दुसरा अंगठाही फोडून घेतला. उरलेलं शिक्षण सासूने दिलं. जावई करडाकडे नुसता वळला तरी मोडकं शिंग त्याच्या बरगडीत. हळूहळू जावयाला घरच्या रीती कळल्या. मुलाने विचारून पाहिलं, कान गेला तो करारात धरायचा का? अक्का म्हणाली, "करार बकरी नेवाना व्हता, कान फाडाना नव्हता."

आखाजी तोंडावर आली होती. भर दुपारी मोटरसायकलवर पोतं बांधून मी माळावर गेलो, कारण अक्काला ढेप तिथेच हवी होती, माझ्या सोयीचं तिला कधी काही पडलं नव्हतं. ती लिंबाखाली उभी होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या टेकाडावर दोन लांडगे उभे होते.

सिनेमात यानंतर जे होतं, त्यातलं काही झालं नाही. लोढणं काढलेला थोरला कळपातून निघून पुढे गेला आणि मधोमध उभा राहिला. धाकला मागून फिरला, पांगलेल्या बकऱ्या त्याने एका जागी आणल्या. सासू थोरल्याच्या मागे येऊन उभी राहिली, जणू तिनेच त्याला पाठवलं होतं. थोरला भुंकला. थांबला. पुन्हा भुंकला. लांडग्यांनी बघितलं, एकाने बसून कान खाजवला, मग दोघंही उठून पलीकडे उतरून गेले. एवढंच. रक्त नाही, झटापट नाही, मोबाइल काढायलाही वेळ मिळाला नाही.

अक्का मटकन खाली बसली. थोड्या वेळाने थोरला धापा टाकत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. मी तिच्या जागी असतो तर त्याच्या गळ्यात पडलो असतो, दोन्ही अंगठ्यांचं विसरून. अक्काचे हात पाठीमागे होते. दारात आलेल्या जावयाशी बोलावं तसं ती म्हणाली, "बसा जावईबापू. थकनात."

आखाजीला मुलगा आला. खापरावरचे मांडे खाल्ले, आमरस प्याला, मग गोठ्यात जाऊन हात मागे बांधून बकऱ्या मोजल्या. एकही कमी नव्हती, उलट नवी करडं होती. गाडीत बसताना अक्काने त्याला मांडे बांधून दिले आणि म्हणाली, "तुनी लिफ्टले सांग, म्हतारी येत नही."

इथेच गोष्ट संपवायला मला आवडलं असतं.

त्यानंतरही तिची चांगली वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात बकऱ्यांसाठी बाभळीच्या शेंगा आकडीने पाडताना तिचा तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. लांडग्यांना जे जमलं नाही ते शेंगांनी केलं. जळगावला ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती उभी राहायला लागली, पण वॉकर धरून कोणी बकऱ्या चारत नाही. हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. तिनेच मुलाला म्हटलं, आबांना निरोप धाड, कळप त्यांना दे. कुत्री कळपाबरोबर जातील, ती कळपाचीच आहेत.

कळप निघायचा त्या सकाळी मुलाने तिला गाडीतून आणलं. मी होतो, आबा होते. आबांनी थोरल्याला दोरी लावायला हात पुढे केला तर तो बिचकून लांब गेला. पुन्हा गेले, पुन्हा तेच. आबा म्हणाले, "अक्का, याले हातनी सवयच नही का?"

"तुम्हीच सांगं व्हतं ना, हात नको लावू म्हणून."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. "आवं माय, ते दूध सुटापावत! नंतर हात लावना पडस. काटा काढना पडस, औषध लावनं पडस. मी काय जनमभरनं सांगं व्हतं?"

आता अक्का काहीतरी तिखट बोलेल म्हणून मी थांबलो. मुलगा जमिनीकडे बघत होता. ती एवढंच म्हणाली, "आस्सं."

मग तिने एका हाताने वॉकर घट्ट धरला आणि दुसरा हात पुढे केला. थोरला जवळ आला. त्याने हात हुंगला. हातात भाकरी नव्हती. तो तिच्या तोंडाकडे बघून एक पाऊल मागे सरला. तिने हात आणखी लांबवला, तो आणखी एक पाऊल मागे. भ्यायला नव्हता हो. अक्काला तो ओळखत होता, तिचा हात तेवढा त्याला ओळखीचा नव्हता. तेवढ्यात मागे एक करडू ओरडलं आणि तो वळून त्याच्याकडे गेला.

मला रडू आलं. आबांनी तोंड फिरवलं. अक्काचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग तिने तो पाठीमागे नेला.

"पक्का शिकना," ती म्हणाली. "शिकाडणारीच येडी व्हती."

मेहरूणला मी तिला एकदाच भेटलो. गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती, तलावाकडे पाठ करून. सून चहा घेऊन आली आणि सवयीने म्हणाली, "आई, तुमचा फिका." अक्का म्हणाली, "टाक साखर." सुनेने माझ्याकडे बघितलं, मी सुनेकडे. अक्काने गोड चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणखी एक घेतला. "सोडेल सम्दं परत लेवाले पाह्यजे, भाऊ," म्हणाली. "टाइमवर." निघताना तिने विचारलं, माझी ढेप कशी चालली आहे. मी म्हटलं, मातीच आहे अक्का. ती खूप हसली. त्यानंतरच्या आखाजीपर्यंत ती राहिली नाही.

यंदा पिकं निघाल्यावर आबा पुन्हा उतरले. कळप आमच्या गल्लीतून जात होता. अक्काच्या घराला कुलूप आहे. सासू, आता अगदी खंगलेली, त्या दारापाशी थांबली आणि मोडक्या शिंगाने फळी ठोकायला लागली. तिला तिथे शिळी भाकरी मिळायची. तिच्यामागे सगळा कळप खोळंबला. थोरलाही थांबला, पण दाराकडे पाठ करून, माळाकडे तोंड करून. त्याला दाराशी काही घेणं नव्हतं. म्हातारी सासू थांबली होती, म्हणून तो थांबला होता.

मी दुकानातून उठून आलो आणि सवयीने हात मागे बांधले. आबा म्हणाले, "लाव भाऊ हात. आते लावू देस."

मी हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तो सरकला नाही. केस राठ होते, धुळीने भरलेले, काटेरी गवत अडकलेले. कानामागे मात्र ते मऊ होते, करडाच्या पोटासारखे. अक्काला हे कधीच कळलं नाही. मी किती वेळ तिथेच बोटं फिरवत राहिलो कोण जाणे. मग सासूने दार सोडलं, आणि तो माझ्या हाताखालून निघून तिच्यामागे चालायला लागला.

मी हात मागे घेतला.